हाताचा गुण : रेकी आणि अन्य ऊर्जाचिकित्सांचे शिक्षण

दुखऱ्या जागी हात ठेवणे हा मानवजातीचा बहुधा सर्वांत जुना उपचार होय. मूल धडपडले की आई प्रथम त्याच्या गुडघ्यावरून हात फिरविते. औषधाचा विचार त्यानंतर येतो. कपाळ ठणकू लागले की माणसाचा हात आपोआप कपाळाकडे जातो. या सार्वत्रिक अनुभवातूनच काही व्यक्तींच्या हातांत विशेष सामर्थ्य असते, ही समजूत जगातील बहुतेक समाजांत निर्माण झाली. ‘अमक्या वैद्याच्या हाताला गुण आहे’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. त्या बोलण्यात वैद्याच्या विद्येचा गौरव असतो, आणि विद्येपलीकडच्या कशाचा तरी निर्देशही असतो.

हा गुण उपजत असतो, की तो शिकविता येतो? शिकविता येत असेल, तर गुरू शिष्याला नेमके काय देतो? आणि शिष्याला ते मिळाले आहे, हे कशावरून ओळखावे? रेकी, प्राणिक हीलिंग, ‘थेराप्युटिक टच’ इत्यादी नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पद्धती आज जगातील बहुतेक मोठ्या शहरांत शिकविल्या जातात. या पद्धतींना एकत्रितपणे ‘ऊर्जाचिकित्सा’ म्हणतात. शरीरात व शरीराभोवती एक सूक्ष्म जीवनशक्ती वाहत असते, तिच्या प्रवाहात अडथळा आला की आजार उद्भवतो, आणि प्रशिक्षित उपचारक आपल्या हातांनी तो प्रवाह पूर्ववत करू शकतो, असे या सर्व पद्धतींचे थोडक्यात प्रतिपादन आहे. या शक्तीला चीनमध्ये ‘ची’, जपानमध्ये ‘की’ आणि भारतात ‘प्राण’ अशी नावे आहेत. या लेखात त्या शक्तीच्या तत्त्वज्ञानापेक्षा तिच्या शिक्षणाचा विचार प्रामुख्याने केला आहे. कारण एखादी विद्या कशी शिकविली जाते हे पाहिले म्हणजे ती विद्या कोणत्या प्रकारची आहे, हे पुष्कळदा स्पष्ट होते.

पॅरिसमधील पाठशाळा

अशा विद्येची आधुनिक काळातील पहिली संघटित पाठशाळा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघाली. फ्रान्झ आंतोन मेस्मर (१७३४–१८१५) हा व्हिएन्ना येथे वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर १७७८ साली पॅरिसला आला. सर्व विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे आणि तो रोग्याच्या शरीरात योग्य रीतीने वाहविला की रोग बरा होतो, असे त्याचे म्हणणे होते. या शक्तीला त्याने ‘प्राणिज चुंबकत्व’ असे नाव दिले. लाकडी पिंपातून बाहेर आलेल्या लोखंडी दांड्या धरून रोगी भोवती बसत. मेस्मर त्यांच्या अंगावरून हात फिरवी. आणि कित्येकांना झटके येऊन नंतर बरे वाटे.

१७८३ साली मेस्मरच्या अनुयायांनी त्याची विद्या शिकण्यासाठी एक संस्था स्थापन केली. सभासदत्वाचे शुल्क शंभर लुई, म्हणजे शंभर सुवर्णनाणी, इतके होते. ही रक्कम त्या काळी केवळ श्रीमंतांनाच परवडण्याजोगी होती. शिवाय शिकलेले रहस्य बाहेर न फोडण्याचे वचन सभासदाला द्यावे लागे. भारी शुल्क, गुप्तता आणि गुरूकडून थेट मिळणारे सामर्थ्य ही तीन लक्षणे वाचकाने ध्यानात ठेवावीत, कारण पुढील दोन शतकांत ती पुन्हा पुन्हा दिसतात.

१७८४ साली फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने या प्रकाराची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. विद्युत्शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि खगोलशास्त्रज्ञ बायी हे तिचे सदस्य होते. मेस्मरने सहकार्य नाकारले. परंतु त्याचा शिष्य डॉक्टर देलाँ प्रयोगांना तयार झाला. फ्रँकलिन यांच्या पासी येथील घराच्या बागेत देलाँने एका जर्दाळूच्या झाडात ‘चुंबकत्व’ भरले. नंतर बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून तेथे आणले गेले आणि एकामागून एक अशा निराळ्याच झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडापाशी तो मूर्च्छित झाला. भारलेले झाड तेथून बरेच दूर होते.

समितीने रोग्यांना खोटे ठरविले नाही. झटके खरे होते आणि मूर्च्छाही खरी होती. त्यांचे कारण मात्र द्रवात नसून रोग्याच्या कल्पनेत, एकमेकांच्या अनुकरणात आणि स्पर्शात होते, असा निष्कर्ष समितीने काढला. रोग्याच्या अनुभवाचा आदर राखून त्या अनुभवाच्या स्पष्टीकरणाची स्वतंत्र परीक्षा करण्याची ही रीत पुढे वैद्यकीय संशोधनाचा पाया ठरली.

हुगळीचे रुग्णालय

मेस्मरच्या विद्येचा एक महत्त्वाचा अध्याय भारतात घडला. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल (१८०८–१८५९) हा स्कॉटिश शल्यचिकित्सक रुग्णालयाचा आणि तुरुंगाचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी होता. ४ एप्रिल १८४५ रोजी शस्त्रक्रियेनंतर वेदनेने तळमळणाऱ्या एका कैद्यावर त्याने मेस्मरच्या पद्धतीचा प्रयोग केला. विशेष असे की, त्याने हा प्रयोग पूर्वी कधी प्रत्यक्ष पाहिलाही नव्हता. त्याविषयी केवळ वाचले होते. रोगी गाढ निद्रेत गेला आणि वेदना त्याला जाणवेनाशी झाली.

त्यानंतर एस्डेलने रुग्णालयातील आपल्या हिंदू व मुसलमान साहाय्यकांना ही क्रिया शिकविली. अंधाऱ्या खोलीत रोग्याच्या डोक्याकडे बसून अंगावरून तासन्‌तास हात फिरविण्याचे काम हे तरुण करीत आणि निद्रा लागल्यावर एस्डेल शस्त्र हाती घेई. १८४६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने अशा ७३ वेदनारहित शस्त्रक्रियांची नोंद केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या समितीने त्याचे काम पाहिले आणि कलकत्त्यात प्रायोगिक स्वरूपाचे एक लहान रुग्णालय त्याला देण्यात आले.

परंतु १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरचा वापर यशस्वी झाला आणि पुढील वर्षी क्लोरोफॉर्म आले. रसायनाने काही मिनिटांत होणारे काम हातांनी तासन्‌तास करण्याचे कारण उरले नाही. दरम्यान मँचेस्टरचा शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड याने १८४३ साली असे प्रतिपादन केले होते की, या निद्रेत उपचारकाकडून रोग्याकडे कोणताही द्रव जात नाही. एकाग्र झालेल्या मनाची ती एक विशिष्ट अवस्था होय. यातूनच संमोहनाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. हुगळीच्या अनुभवावरून दोन गोष्टी दिसतात. हातांच्या क्रियेने काही रोग्यांची वेदना खरोखर कमी झाली, ही एक. आणि ती क्रिया कोणत्याही दीक्षेवाचून, पुस्तक वाचून शिकता आली व सामान्य साहाय्यकांना शिकविता आली, ही दुसरी.

कुरामा पर्वतापासून टोकियोपर्यंत

रेकीचा उगम जपानमध्ये झाला. १८६८ नंतरच्या सुधारणांच्या काळात जपानी सरकारने पाश्चात्त्य वैद्यकाला अधिकृत मान्यता दिली आणि परंपरागत चिनी-जपानी वैद्यक मागे पडले. या नव्या वैद्यकाने ज्यांचे समाधान होत नव्हते अशा लोकांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मानसिक व आध्यात्मिक उपचारांचे अनेक पंथ उदयास आले. त्यांत बौद्ध साधना, शिंतो विधी व पर्वतीय तपस्या यांच्याबरोबरच पश्चिमेकडून आलेले मेस्मरचे विचारही मिसळले होते. शिकागोतील विल्यम वॉकर ॲटकिन्सन हा लेखक ‘योगी रामचारक’ हे भारतीय नाव धारण करून प्राणविद्येवर पुस्तके लिहीत असे. त्या पुस्तकांच्या द्वारे ‘प्राण’ हा भारतीय शब्दही अमेरिकेमार्गे जपानमध्ये पोहोचला होता. सारांश, शुद्ध पौर्वात्य म्हणून ओळखली जाणारी ही विद्या आरंभापासूनच पूर्व व पश्चिम यांच्या देवघेवीतून घडलेली होती.

मिकाओ उसुई यांचा जन्म १५ ऑगस्ट १८६५ रोजी गिफू प्रांतातील तानिआई या खेड्यात झाला. त्यांच्या शिष्यांनी १९२७ साली टोकियोतील साइहोजी मंदिराच्या आवारात उभारलेला शिलालेख हे त्यांच्या चरित्राचे मुख्य साधन आहे. त्या लेखानुसार उसुई यांनी क्योतोच्या उत्तरेकडील कुरामा पर्वतावर २१ दिवस उपवास व साधना केली, आणि शेवटी आपल्या मस्तकावर एका महान शक्तीचा त्यांना अनुभव आला. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी टोकियोत एक संस्था स्थापन करून शिकविण्यास व उपचार करण्यास आरंभ केला. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो व योकोहामा परिसरात प्रचंड भूकंप होऊन एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या आपत्तीत उसुई यांनी शहरभर फिरून जखमी व आजारी लोकांची शुश्रूषा केल्याचे शिलालेखात म्हटले आहे. ९ मार्च १९२६ रोजी फुकुयामा येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या शिष्यांची संख्या दोन हजारांवर गेली होती, असे त्या लेखात नमूद आहे.

‘रेइ’ या शब्दाचा अर्थ आत्मिक किंवा गूढ, आणि ‘की’ म्हणजे जीवनशक्ती. उसुई यांच्या शिकवणीत रोगनिवारण हा एक भाग होता. मनाची सुधारणा हा दुसरा आणि अधिक मोठा भाग होता. क्रोध व चिंता टाळणे, कृतज्ञ राहणे, आपले काम निष्ठेने करणे आणि इतरांशी दयेने वागणे ही पाच सूत्रे शिष्य सकाळ-संध्याकाळ हात जोडून म्हणत. शिक्षणाच्या तीन पायऱ्या होत्या : प्राथमिक ‘शोदेन’, आंतरिक ‘ओकुदेन’ आणि गूढ ‘शिन्पिदेन’. ही रचना जपानमधील चहाविधी, धनुर्विद्या इत्यादी कलांच्या परंपरेला धरूनच होती. गुरू शिष्यावर ‘रेइजू’ नावाचा दीक्षाविधी करीत असे. परंतु तो एकदाच करून थांबत नसे, तर शिष्य नियमित सभांना येऊन तो पुन्हा पुन्हा घेत. दीक्षेइतकाच दीर्घ सरावही महत्त्वाचा होता. हाताला जाणवणाऱ्या संवेदनांवरून, म्हणजे उष्णता, झिणझिण्या किंवा टोचणी यांवरून, आजाराची जागा ओळखण्याचा अभ्यास शिष्याला करावा लागे. या संवेदनांना ‘ब्योसेन’ म्हणत.

समुद्रापलीकडे

उसुई यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे निवृत्त नौदल अधिकारी होते. त्यांनी टोकियोत स्वतंत्र उपचारगृह चालविले आणि शरीरावर हात ठेवण्याच्या स्थितींची पद्धतशीर मांडणी केली. १९३५ साली हवाई बेटांतून हवायो ताकाता (१९००–१९८०) नावाच्या एक विधवा उपचारासाठी टोकियोस आल्या. त्यांचे आईवडील हवाईत मजुरीसाठी गेलेले जपानी होते. हायाशींच्या उपचारगृहात उपचारकांच्या हातांची उष्णता जाणवताच, बाहीत एखादे विजेचे यंत्र लपविले आहे की काय या शंकेने त्यांनी उपचारकाची बाही धरून पाहिली, असे त्या स्वतः सांगत असत. काही महिन्यांत त्यांची प्रकृती सुधारली. मग त्यांनी तेथेच राहून ती विद्या शिकून घेतली. १९३८ च्या फेब्रुवारीत होनोलुलु येथे हायाशींनी त्यांना गुरुपदाचे प्रमाणपत्र दिले. १९४० साली युद्धाची छाया गडद होत असताना हायाशींनी आत्महत्या केली.

१९४१ च्या डिसेंबरमध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेतील जपानी वंशाचे लोक संशयास पात्र ठरले. अशा परिस्थितीत जपानी विद्येचा प्रसार करणे सोपे नव्हते. ताकाता यांच्या कथनात उसुई हे क्योतोतील एका ख्रिस्ती विद्यापीठाचे प्रमुख होते आणि शिकागो विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले होते. या दोन्ही विद्यापीठांच्या नोंदींतून या कथेला पुष्टी मिळालेली नाही. पाश्चात्त्य श्रोत्यांना ही विद्या आपलीशी वाटावी म्हणून कथेला हे रूप आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

ताकाता यांची अध्यापनपद्धती मौखिक होती. शिष्यांना टिपणे घेण्याची परवानगी नसे आणि चिन्हे कागदावर ठेवता येत नसत. गुरुपदाच्या दीक्षेसाठी त्या दहा हजार डॉलर शुल्क घेत. जे फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही, असे त्यांचे मत होते. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी एकूण २२ जणांना गुरुपद दिले. ११ डिसेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाल्यावर उत्तराधिकारावरून दोन प्रवाह झाले. पुढे काही गुरूंनी शुल्क कमी केले, काहींनी पुस्तके छापली आणि १९९० नंतरच्या दशकात पूर्वी गुप्त असलेली चिन्हेही छापील रूपात उपलब्ध झाली. प्रत्येक गुरूला नवे गुरू निर्माण करता येत असल्याने त्यांची संख्या झपाट्याने वाढली. याच दशकात भारतातील शहरांतही रेकीचे वर्ग मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.

वर्गात काय शिकविले जाते

आज जगभर रूढ असलेला रेकीचा अभ्यासक्रम सामान्यतः तीन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात, जो बहुधा दोन दिवसांत पुरा होतो, शिष्याला इतिहास व पाच सूत्रे सांगितली जातात, दीक्षा दिली जाते आणि मस्तक, छाती, पोट व पाठ यांवर हात ठेवण्याच्या सुमारे बारा स्थिती शिकविल्या जातात. प्रत्येक स्थितीत तीन ते पाच मिनिटे हात स्थिर ठेवायचे असतात. म्हणून संपूर्ण उपचारास सुमारे एक तास लागतो. दुसऱ्या टप्प्यात तीन चिन्हे शिकविली जातात आणि दूरच्या रोग्यावर उपचार करण्याची पद्धत सांगितली जाते. यांपैकी एक चिन्ह म्हणजे चिनी-जपानी लिपीतील अक्षरांची जुळणीच आहे. जपानी माणसाला ती वाचता येते. जपानबाहेर मात्र तिला गूढ आकृतीचे रूप प्राप्त झाले. तिसऱ्या टप्प्यात इतरांना दीक्षा देण्याचा अधिकार मिळतो.

अन्य पद्धतींत तपशील निराळा असला, तरी मूळ आराखडा सारखाच दिसतो. चिनी वंशाचे फिलिपिनो अभियंता चोआ कोक सुई (१९५२–२००७) यांनी १९८७ साली आपल्या पुस्तकाद्वारे ‘प्राणिक हीलिंग’ या पद्धतीचा प्रसार केला. तिच्यात रोग्याला स्पर्श केला जात नाही. शरीराभोवतीचे वलय हातांनी चाचपणे, ते स्वच्छ करणे आणि त्यात प्राण भरणे अशा क्रिया क्रमाने शिकविल्या जातात. भारतात या पद्धतीचे अनुयायी मोठ्या संख्येने आहेत. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठातील परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर आणि थिऑसॉफिस्ट डोरा कुंझ यांनी ‘थेराप्युटिक टच’ ही पद्धत विकसित केली. क्रीगर यांनी तिचे स्पष्टीकरण देताना ‘प्राण’ या संकल्पनेचाच आधार घेतला होता. ज्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांचा कुंझ यांच्यावर प्रभाव होता, तिचे मुख्य केंद्र मद्रासजवळील अड्यार येथे होते. या पद्धतीत गुप्तता किंवा दीक्षा नव्हती. विद्यापीठातील अभ्यासक्रमातून ती परिचारिकांना शिकविली गेली. त्यामुळे तिची परीक्षा घेणे तुलनेने सुकर झाले.

परीक्षा

ही परीक्षा एका शाळकरी मुलीने घेतली, हे विशेष. अमेरिकेतील एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेतील विज्ञानप्रकल्पासाठी एक साधा प्रयोग योजला. मध्ये पडदा उभा करून त्यातील दोन भोकांतून उपचारकाने आपले दोन्ही हात पलीकडे ठेवायचे. मुलीने नाणे उडवून डावा किंवा उजवा हात निवडायचा आणि त्याच्यावर थोड्या अंतरावर आपला हात धरायचा. मुलीचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच उपचारकाने सांगायचे. दुसऱ्याचे ऊर्जाक्षेत्र हातांना जाणवते हा तर या पद्धतीचा मूळ सिद्धान्त होता. एकूण २१ उपचारकांवर २८० वेळा हा प्रयोग झाला. त्यांपैकी १२३ उत्तरे, म्हणजे शेकडा ४४, बरोबर आली. केवळ अंदाजाने उत्तरे दिली असती तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मग उपचारकांना हाताला जे जाणवते ते खोटे असते काय? तसे मानण्याचे कारण नाही. कोणीही शांत बसून आपल्या तळव्याकडे काही मिनिटे पूर्ण लक्ष दिले, तर तेथे उष्णता, झिणझिण्या किंवा स्पंदन जाणवू लागते. एरवी ज्या संवेदनांकडे मन दुर्लक्ष करते त्या लक्ष देताच स्पष्ट होतात. संवेदना खरी असते; ती दुसऱ्याच्या शरीराविषयी काही सांगते, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

रेकीच्या उपचारांचीही चाचणी झाली आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सर्वांगाच्या जुनाट दुखण्याने त्रस्त असलेल्या १०० व्यक्तींवर आठ आठवडे उपचार करण्यात आले. काहींवर रेकीच्या गुरूंनी, तर काहींवर रेकीचे शिक्षण न घेतलेल्या व उपचारकाची केवळ भूमिका वठविणाऱ्या अभिनेत्यांनी उपचार केले. दुखण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कर्करोगावर औषधोपचार घेणाऱ्या १८९ रुग्णांचे तीन गट करण्यात आले : एका गटाला रेकी, दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली रेकी आणि तिसऱ्याला नेहमीचीच शुश्रूषा. पहिल्या दोन्ही गटांतील रुग्णांना तिसऱ्या गटापेक्षा अधिक आराम व स्वास्थ्य वाटले. परंतु खऱ्या व नकली रेकीत फरक आढळला नाही. २०१५ साली चिंता व नैराश्य यांवरील रेकीच्या चाचण्यांचा एक चिकित्सक आढावा प्रसिद्ध झाला. उपयोग होतो की नाही हे ठरविण्यास पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. रुग्णांना आराम वाटला, हे खरे. तो दीक्षेमुळे किंवा चिन्हांमुळे वाटला नाही, हेही तितकेच खरे. शांत खोली, एक तासाची विश्रांती, मंद झालेला श्वास, हळुवार स्पर्श आणि आपल्याकडेच लक्ष देणारे माणूस या गोष्टी दोन्ही गटांत समान होत्या, आणि आरामाचे श्रेय त्यांनाच द्यावे लागते. गर्दीच्या रुग्णालयात जेथे डॉक्टरला एका रोग्यासाठी काही मिनिटेही मिळत नाहीत, तेथे हा तास दुर्मिळ असतो. ऊर्जाचिकित्सेची लोकप्रियता हा आधुनिक वैद्यकाच्या या उणिवेवरील मूक अभिप्रायही आहे.

चूक कळण्याची सोय

कोणत्याही विद्येच्या शिक्षणात चूक कळण्याची सोय असावी लागते. सुताराचा सांधा ढिला बसला की तो हलतो. गाणाऱ्याचा स्वर चुकला की तो कानाला खटकतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याचे निदान तपासणीअंती खोटे ठरू शकते. चूक कळते म्हणून सुधारणा होते आणि सुधारणा होते म्हणून कौशल्य वाढते. ऊर्जाचिकित्सेच्या वर्गात ही सोय बहुधा नसते. हाताला उष्णता जाणवली तर शक्ती वाहत आहे. जाणवली नाही तर ती सूक्ष्म रूपाने वाहत आहे. रोग्याला बरे वाटले तर उपचार लागू पडला; त्रास वाढला तर शरीराची शुद्धी चालू आहे; काहीच झाले नाही तर रोग्याचे मन अद्याप तयार नाही. प्रत्येक परिणामाचा अर्थ यशस्वी असाच लावला गेला, तर शिष्य वर्षानुवर्षे सराव करूनही आपण काय शिकलो हे जाणू शकत नाही.

याला आणखी एक कारण पुष्टी देते. बहुतेक दुखणी आपोआप कमीजास्त होतात. दुखणे शिगेला पोहोचले असता मनुष्य उपचारकाकडे धाव घेतो आणि त्यानंतर ते स्वाभाविकपणेच उतरते. श्रेय मात्र अखेरच्या उपचाराला मिळते. प्रामाणिक गुरू आणि प्रामाणिक शिष्य दोघेही या भ्रमात सापडू शकतात. त्यासाठी लबाडीची आवश्यकता नसते.

धोका येथेच संभवतो. वेदनेची जाणीव विश्रांतीने कमी होऊ शकते. गाठ, मधुमेह किंवा क्षय यांवर तिचा इलाज चालत नाही. ज्या उपचाराने बरे वाटते पण रोग तसाच राहतो, तो उपचार रोग्याला अमूल्य काळ गमावण्यास भाग पाडू शकतो. छातीत गाठ जाणवलेली स्त्री काही महिने केवळ हातांच्या उपचारावर विसंबली, तर त्या महिन्यांची भरपाई पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेने होत नाही.

भारतीय कायद्याने या धोक्याची दखल पूर्वीच घेतली आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या अधिनियमाने कर्करोग, मधुमेह, अपस्मार इत्यादी रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर निर्बंध घातले; मंत्र, ताईत व तत्सम उपाय त्याच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून तिच्यावर मंत्रतंत्राचे उपचार करणे हा गुन्हा आहे. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा व होमिओपॅथी या पद्धतींना शासनाने मान्यता दिलेली आहे. त्यांत रेकीचा समावेश नाही. त्यामुळे रेकीच्या वर्गात मिळणारे प्रमाणपत्र हे त्या वर्गाचे प्रशस्तिपत्रक असते; रोगनिदानाचा किंवा औषधयोजनेचा अधिकार त्यातून प्राप्त होत नाही.

शिकणाऱ्याने काय घ्यावे

तरीही ही विद्या शिकणारे असंख्य लोक फसवणुकीच्या हेतूने ती शिकत नाहीत. कोणी आजारी आईसाठी शिकते, कोणी स्वतःच्या निद्रानाशासाठी, तर कोणी इतरांच्या उपयोगी पडावे या इच्छेने. अशा शिष्याला या शिक्षणातून काही गोष्टी निश्चित मिळू शकतात : घाईगर्दी बाजूला ठेवून रोग्याजवळ एक तास बसण्याची सवय, संमतीने व मर्यादेने स्पर्श करण्याचे भान, स्वतःचे मन शांत करण्याचा सराव, आणि क्रोध व चिंता यांना आवर घालण्याचा रोजचा संकल्प. उसुई यांनी रोगनिवारणाइतकेच महत्त्व मनाच्या सुधारणेस दिले होते, याचे येथे स्मरण होते. या गोष्टींसाठी दहा हजार डॉलरची किंवा शंभर सुवर्णनाण्यांची आवश्यकता नाही.

गुरूची परीक्षाही यावरूनच होते. जो गुरू रोगाचे निदान करीत नाही, चालू औषध बंद करावयास सांगत नाही, आपली मर्यादा पहिल्याच दिवशी स्पष्ट करतो आणि ‘डॉक्टरांना दाखविलेत काय?’ हा प्रश्न प्रत्येक रोग्याला विचारावयास शिष्याला शिकवितो, त्याच्या वर्गातून निदान अपाय तरी होत नाही. जो गुरू अपयशाचा दोष रोग्याच्या श्रद्धेवर टाकतो आणि पुढच्या पायरीचे शुल्क भरले की सर्व उलगडेल असे सांगतो, त्याच्यापासून दूर राहणे श्रेयस्कर.

दुखऱ्या जागी हात ठेवण्याची प्रवृत्ती मनुष्यातून जाणार नाही, आणि ती जाण्याचे कारणही नाही. आजारी माणसाला औषधाची जशी गरज असते तशी सोबतीचीही असते. मात्र हात सोबत करू शकतो. गाठ शोधण्याचे आणि काढण्याचे काम त्याला जमत नाही. हा भेद जो शिकला आणि जो इतरांना शिकवू शकला, त्याच्याच हाताला खरा गुण आहे असे म्हणता येईल.